पुढच्या खेपेचा शब्द



आजच्या व्याख्यानाचा विषय फळ्यावर लिहिला गेला, तेव्हा एका गृहस्थांनी आम्हांला वाटेत गाठून विचारले, "अहो, यवतमाळात बसून समुद्राच्या गोष्टी कशाला? वैशाखात ऐकायला गार वाटतात म्हणून काय?" प्रश्न रास्त आहे. आपला जिल्हा वर्धा आणि पैनगंगा या दोन नद्यांच्या मधला. समुद्र येथून शेकडो कोस दूर. एके काळी येथून मूर्तिजापुरापर्यंतचे ११३ किलोमीटर शकुंतला गाडीने जायचे, तर तेवढ्यातच सफरीची सगळी हौस फिटत असे. पण आता दिवस पालटले आहेत. निवृत्त झालेले मास्तर, बँकेतली मंडळी, मुलगा परदेशी असलेली आईबापे धामणगावला गाडी धरतात, मुंबईस उतरतात आणि तेथून जहाजावर चढतात.

मुंबई बंदरातून अशा हौशी सफरींचे जे नवे पर्व सुरू झाले, ते काही फार जुने नाही. कोस्टा या इटालियन कंपनीने डिसेंबर २०१६ मध्ये आपले 'निओक्लासिका' जहाज मुंबईहून मालदीवच्या बाजूला सोडले. ऑक्टोबर २०१८ मध्ये मुंबई-गोवा मार्गावर 'आंग्रिया' सुरू झाली. एप्रिल २०१९ मध्ये 'कर्णिका' आली, आणि सप्टेंबर २०२१ मध्ये 'एम्प्रेस'. ज्यांच्या खिशाला परवडते ते सिंगापूर, युरोप, अमेरिका येथपर्यंत जाऊन याहून मोठ्या जहाजांवर फिरून येतात. आपल्या या सभागृहातही अशी काही मंडळी बसलेली असतील.

परंतु आज आम्हांला बोलायचे आहे ते जहाजांविषयी नव्हे. जहाजावरच्या एका मेजाविषयी.

मोठ्या प्रवासी जहाजांवर हे मेज बहुधा असतेच. सफर अर्ध्यावर आलेली असते. जेवण उत्तम झालेले असते, स्वयंपाकाची आणि भांड्यांची चिंता नसते, खिडकीबाहेर पाणी चमकत असते. अशा वेळी त्या मेजामागची हसतमुख बाई तुम्हांला विचारते, "पुढच्या वर्षी कुठे?" म्हणजे ही सफर संपायच्या आधीच पुढची ठरवून टाकायची. आज थोडा विसार भरला की पुढची खोली तुमची. किनाऱ्यावर परतून तीच खोली घ्याल तर विसार जास्त पडतो, येथे कमी. शिवाय बक्षीस म्हणून जहाजावर खर्चायला काही डॉलर तुमच्या खात्यावर जमा होतात. कित्येक कंपन्या तर जहाज कोणते आणि तारीख कोणती, हेही लगेच विचारीत नाहीत. नुसती रक्कम ठेवा, दोनएक वर्षांत केव्हाही वापरा, असे सांगतात. आपल्याकडे शेत घेताना इसारचिठ्ठी करतात, तोच हा प्रकार. फरक एवढाच, की शेताच्या चिठ्ठीत चतुःसीमा लिहिलेल्या असतात, आणि येथे नुसता अथांग समुद्र.

काही वर्षांपूर्वी आम्ही स्वतः अशा एका परदेशी जहाजावर होतो, आणि त्या मेजापुढच्या रांगेत आमच्या पुढे आपल्याच भागातले एक वृद्ध जोडपे उभे होते. गृहस्थ सत्तरीच्या पुढचे, शिक्षकी पेशातून निवृत्त झालेले. बाईंचे गुडघे दुखत होते, तरी त्या रोज पहाटे सूर्योदय पाहायला वरच्या मजल्यावर जात. गृहस्थांनी कागदावर सही करायला लेखणी उचलली, तेव्हा बाई हळूच म्हणाल्या, "अहो, देवानं ठेवलं तं येऊ, असं लिहून घेतात का हे लोक?"

आम्हांला हसू आले. परंतु पुढे जहाज बंदराला लागेपर्यंत तो प्रश्न काही मनातून गेला नाही. आजचे व्याख्यान म्हणजे त्या प्रश्नाला दिलेले एक लांबलेले उत्तर आहे, असे समजावे.

श्रोतेहो, पहिल्याने हे मान्य केले पाहिजे की, चालू मुक्काम संपण्याआधी पुढच्याचा शब्द देणे ही काही त्या जहाजवाल्यांनी काढलेली युक्ती नव्हे. आपण मराठी माणसे हे कैक पिढ्या करीत आलो आहोत. निरोप घेताना आपण 'जातो' म्हणत नाही, 'येतो' म्हणतो. मुलगी माहेराहून निघाली, डोळे भरून आले, तरी तोंडातून शब्द निघतो तो 'येते' असाच. चुकून कोणी 'जातो' म्हटले तर घरातली म्हातारी लगेच दुरुस्त करते. गणपती पाण्यात सोडताना आपण त्याला निरोप देत नाही. पुढच्या वर्षी लवकर या, असे आवर्जून सांगतो. मूर्ती पाण्याखाली जाण्याच्या आत पुढचे आमंत्रण झालेले असते. ही आपली रीत पुष्कळ शहाणपणाची आहे. ज्या क्षणी सुख संपते आहे, त्याच क्षणी त्याला पुढे एक खुंटी ठोकून ठेवायची, म्हणजे रिकाम्या हाताने घरी परतल्यासारखे वाटत नाही.

पंढरीची वारी पाहा. ज्याने गळ्यात तुळशीची माळ घातली, त्याने वारीचा शब्द दिला. यंदाची वारी संपवून तो घरी परततो, तेव्हा पुढची ठरलेलीच असते. तिच्यासाठी वेगळे आमंत्रण लागत नाही. शेगावहून निघणारी श्रीगजानन महाराजांची पालखी असो, कौंडण्यपूरहून निघणारी रुक्मिणीची पालखी असो, आपल्या विदर्भातला वारकरी ज्येष्ठ लागला की 'जावे की न जावे' असा विचार करीत बसत नाही. तो विचार माळ घातली त्या दिवशी संपला. २०२० साली महामारीमुळे पायी वारी होऊ शकली नाही. संतांच्या पादुका एस. टी. च्या गाडीतून पंढरपुरास नेण्यात आल्या, आणि १ जुलैची आषाढी एकादशी लाखो वारकऱ्यांनी घरी बसून केली. वारी चुकल्याचे दुःख फार मोठे होते. परंतु कोणा वारकऱ्याने असे विचारले नाही की, माझ्या विसाराचे काय? शब्द विठ्ठलाला दिलेला होता. आणि देणारा अडला तर घेणाराही समजून घेतो, अशी ती व्यवस्था होती.

आता जहाजाच्या मेजावरचा शब्द याहून वेगळा कसा, ते पाहू.

कंपनीचे गणित अगदी सोपे आहे. एस. टी. ची गाडी आगारातून सुटली की तिच्यातली रिकामी जागा पुढे विकता येत नाही, जहाजाचेही तसेच. धक्का सुटला की रिकामी खोली बुडाली. म्हणून खोल्या जितक्या लवकर भरतील तितके बरे, आणि जाहिरातीवर पैसा घालवून नवे गिऱ्हाईक शोधण्यापेक्षा समोर जेवून तृप्त बसलेले गिऱ्हाईक सोपे. आपल्या रेल्वेला असली घाई नाही. तिने १ नोव्हेंबर २०२४ पासून आगाऊ आरक्षणाची मुदत १२० दिवसांवरून ६० दिवसांवर आणली, कारण चार महिने आधी काढलेली तिकिटे पुष्कळदा रद्द होत. म्हणजे, चार महिन्यांपुढचे आपले आपल्यालाच ठाऊक नसते, असा रेल्वेचा अनुभव. जहाजवाला मात्र दोन वर्षांपुढचे विचारतो. आणि विचारतो तेही पोट भरलेले असताना, मन ओले असताना.

तृप्त मनाचा सल्ला नेहमी वाईट असतो असे आमचे म्हणणे नाही. उलट, घरी परतल्यावर वीजबिले, दुखणी आणि लग्नपत्रिका यांच्या गर्दीत आपण स्वतःसाठी काही ठरवणारच नाही, हेही खरे. सगळा जन्म मुलांसाठी काटकसर करणाऱ्या माणसाने एखाद्या संध्याकाळी 'पुढच्या वर्षी पुन्हा' असे म्हटले, तर त्याला उधळ्या म्हणण्याचा अधिकार कोणाला आहे? शिवाय, ज्याची प्रकृती चांगली आहे, ज्याला पुन्हा जायचेच आहे, त्याला त्या मेजावर खरोखरच स्वस्त पडते आणि मनाजोगती खोली मिळते. हा लाभ खोटा नाही.

पण 'येतो' या शब्दाला मुदत नसते, दंड नसतो. विसाराला दोन्ही असतात. आणि विसार घेणारा कायम जागेवर राहील, याची तरी हमी कोठे आहे? वर 'कर्णिका' या जहाजाचे नाव घेतले. १९९० साली इटलीत बांधलेले हे जहाज दुसऱ्या नावांनी पुष्कळ समुद्र फिरून एप्रिल २०१९ मध्ये मुंबईस आले. त्यानंतर वर्ष होते न होते तोच महामारी आली. फेब्रुवारी २०२० मध्ये जपानच्या योकोहामा बंदरात 'डायमंड प्रिन्सेस' हे जहाज ३,७११ माणसांसह अडकले, त्यांपैकी सातशेहून अधिकांना रोगाची लागण झाली, आणि मार्चमध्ये जगभरातल्या प्रवासी जहाजांनी सफरी थांबवल्या. कित्येक मोठ्या कंपन्यांनी गिऱ्हाइकांना सांगितले की, पैसे परत घ्या, नाही तर सव्वापट रकमेची पुढची सफर घ्या. ज्यांचे भांडवल दांडगे होते त्या तगल्या. 'कर्णिका' चालवणारी जलेश ही कंपनी मात्र ऑक्टोबर २०२० मध्ये बंद झाली, आणि ते जहाज गुजरातेत अलंगच्या किनाऱ्यावर मोडीत निघाले. ज्या जहाजाला माणसे 'येतो' म्हणून आली होती, ते जहाजच निघून गेले! पंढरीचा विठ्ठल विटेवर उभा असतो. कंपनीचे तसे नसते, एवढे आपण ध्यानात ठेवावे.

येथवर जहाजाची गोष्ट झाली. आता जरा आपल्या जिल्ह्यात येऊ. कारण चालू खेप संपण्याआधी पुढची बांधून घेण्याचा प्रकार आपल्या डोळ्यांपुढे दरसाल घडतो, आणि तेथे समुद्र नाही, संगीत नाही, हसतमुख बाई नाही.

आपल्याकडे सालदाराचे साल पाडव्याला संपते आणि पाडव्यालाच नवे ठरते. घरात लग्न निघाले, दुखणे आले, म्हणून सालदार मधेच मालकाकडून उचल घेतो. ती फिटली नाही, तर पुढचे साल कोणाकडे राबायचे हा प्रश्नच उरत नाही. तो आधीच सुटलेला असतो. पुसद-उमरखेडकडच्या तांड्यांतून ऊस तोडायला जी माणसे जातात, त्यांचेही तेच. नवराबायको मिळून एक कोयता; त्या कोयत्यावर मुकादम हंगामाआधी उचल देतो. दिवाळीच्या सुमारास निघायचे, उन्हाळ्याच्या तोंडाशी परतायचे. हिशेबात उचल फिटली नाही तर बाकी पुढच्या हंगामावर चढते. परतीच्या गाडीत बसलेल्या त्या जोडप्याचा पुढचा प्रवासही ठरलेलाच असतो. परंतु तो त्यांनी ठरवलेला नसतो. ती बाई मुकादमाला 'येते' म्हणते, तेव्हा त्या शब्दात माहेराहून निघालेल्या मुलीच्या 'येते'तला ओलावा कोठून असणार?

श्रोतेहो, शब्द तोच. परंतु एक मोकळ्या हाताने दिलेला आहे आणि एक बांधलेल्या हाताने. आमच्या मते सगळा भेद येथे आहे. पुढचे वर्ष आधी देऊन टाकणे चांगले की वाईट, असा प्रश्नच चुकीचा. ते देताना हात मोकळा होता काय, आणि दिल्यावर मोकळा राहिला काय, हे पाहावे.

या कसोटीवर जहाजाचे मेज लावून पाहिले तर एक मौज दिसते. उचलीत पैसा घेणारा बांधला जातो, हे निदान समजण्यासारखे आहे. जहाजावर पैसा देणारा बांधला जातो! विसार आपला, आणि अटी त्यांच्या. अर्थात सालदाराचे दुःख आणि सफरीला जाणाऱ्याची हळहळ यांची तुलना कोणी करू नये. एकाची भाकर अडते, दुसऱ्याची फार तर हौस. पण हौसेखातर का होईना, शहाण्यासुरत्या माणसाने आपला मोकळा हात न वाचलेल्या कागदात अडकवावा, हे बरे नव्हे. सुशिक्षित म्हणवणारी आपण माणसे त्या तृप्त घटकेला कागद वाचीत नाही. मुकादमाच्या वहीवर अंगठा उठवणाऱ्याला आपण अडाणी म्हणतो. मग आपल्या सहीला काय म्हणावे?

म्हणून ज्यांना जायचे आहे त्यांनी खुशाल जावे, आणि मन झाल्यास त्या मेजापाशीही जावे. मात्र सहीपूर्वी चार गोष्टी विचारून घ्याव्यात. विसार परत मिळतो काय, आणि कोणत्या दिवसापर्यंत? काही ठिकाणी विसार कमी असतो तो याचसाठी, की तो परत मिळत नाही. तारीख बदलता येते काय, आणि बदलल्यास काय पडते? आपल्याऐवजी मुलाला किंवा भावाला पाठवता येते काय? आणि ठेवलेली रक्कम किती दिवसांत वापरली नाही म्हणजे बुडते? बक्षिसाचे जे डॉलर मिळतात, ते बहुधा जहाजावरच खर्चावे लागतात, हेही ध्यानात असू द्यावे. ते घरी आणून पोरांच्या हातावर ठेवता येत नाहीत. विम्याच्या कागदात, आधीपासून असलेल्या दुखण्याविषयी काय लिहिले आहे ते चष्मा लावून वाचावे. आणि पाचवी गोष्ट, जी मेजावर विचारायची नसून आपसांत विचारायची: ही सही करणाऱ्या दोघांपैकी दोघांनाही पुन्हा यायचे आहे काय? पुष्कळदा एक सही करतो आणि दुसऱ्याला गुडघे सांभाळावे लागतात.

आता त्या जोडप्याचे काय झाले ते सांगून संपवतो. गृहस्थांनी सही केली. परत आल्यावर तो कागद त्यांनी घरच्या लोखंडी कपाटात, जमिनीच्या सातबाऱ्याशेजारी ठेवला. पावसाळ्यानंतर बाईंचे दुखणे वाढले, शस्त्रक्रिया करावी लागली, आणि पुढच्या वर्षी जाणे झाले नाही. विसार परत मिळण्याची मुदत टळून गेली होती, तो बुडाला. आम्ही भेटीस गेलो तेव्हा गृहस्थ पैशाविषयी एक शब्द बोलले नाहीत. पण बाई अंथरुणावरून म्हणाल्या, "पैसे गेले ते गेले. बोलून आलो होतो ना आपण तिथं, येतो म्हणून."

श्रोतेहो, त्या बाईंनी त्या मेजामागच्या परक्या मुलीला खरोखरच 'येतो' म्हटले होते. त्या मुलीच्या वहीत तो एक क्रमांक होता, आणि मुदत संपताच तो खोडला गेला असेल. बाईंच्या घरी मात्र तो शब्द तसाच उभा होता. आम्हांला त्या दिवशी वाटले की, फसवणूक कोणी कोणाची केलेली नाही. एकाच कागदावर दोन निरनिराळे करार झाले होते. एक व्यवहाराचा होता, दुसरा मराठी रीतीचा. पहिल्यात 'देवाने ठेवले तर' हे कलम नव्हते. दुसऱ्यात ते न लिहिताच असते.

हा व्यवहार करूच नये, असे आम्ही म्हणत नाही. त्या बाईंनीच पुढे सांगितले की, दुखणे येण्यापूर्वीचे सगळे महिने त्या कागदामुळे बरे गेले. सकाळी चहा घेताना 'पुढल्या वर्षी' हा विषय असे. म्हाताऱ्या माणसाला पुढचे वर्ष असणे ही लहान गोष्ट नव्हे. आमचे सांगणे इतकेच की, जो शब्द आपण सहज, प्रेमाने देतो, त्याला जेव्हा कोणी किंमत आणि मुदत लावतो, तेव्हा क्षणभर थांबावे आणि आपला हात मोकळा आहे काय ते पाहावे. आणि ज्यांचा हात मोकळा नाही, ज्यांचे पुढचे साल या पाडव्यालाच दुसऱ्याच्या वहीत लिहिले गेले आहे, त्यांची आठवणही ठेवावी. आपली पुढची सफर ठरवताना ज्याला 'जावे की न जावे' असा विचार करता येतो, तो माणूस श्रीमंत आहे, मग त्याच्याजवळ पैसा किती का असेना. आपल्या जिल्ह्यातल्या प्रत्येक कोयत्याला आणि प्रत्येक सालदाराला तेवढा विचार करण्याइतकी उसंत मिळाली पाहिजे. ती मिळवून देणे हे समुद्रापलीकडच्या कोणा कंपनीचे काम नाही. ते तुमचे आमचे आहे.

व्याख्यानमालेने पुढच्या वर्षीचा शब्द आमच्याकडून आताच मागितला आहे. विसार मात्र मागितलेला नाही, म्हणून आम्ही तो आनंदाने देतो. देवाने ठेवले तर, येतो.